वीतभर पाणी

"ही होडी कोणी काढली?" अंबूबाईंनी विचारलं.

जयनगरच्या त्या हॉलमध्ये बारा तैलचित्रं टांगली होती. बाराही नदीचीच. संध्याकाळ, धुक्यातले डोंगर, काठावरची झाडं. सातव्या चित्राखालच्या चिठ्ठीवर अंबूबाईंचं नाव होतं. पाण्यात मात्र एक होडी होती आणि तिच्यात एकमेकांना टेकून बसलेलं जोडपं.

"मीच," शिवकुमार सर हसले. ते धारवाडचे, मराठी चांगलं बोलायचे. "परवा सगळ्यांचीच चित्रं जरा टच-अप केली. तुमची नदी स्वल्प रिकामी वाटत होती अक्का. आता कशी रोमँटिक झाली!"

"मला विचारलंत?"

"अहो, लोक तुमच्याच चित्रापुढे थांबताहेत."

ते खरंच होतं. अंबूबाईंचा मुलगा योगीराजसुद्धा मघाशी फोटो काढताना म्हणाला होता, "आई, होडी काय झकास आलीय गं!" तेव्हाच त्यांचं तिकडे लक्ष गेलं होतं.

चामराजपेटेत अंबूबाईंनी पस्तीस वर्षं ब्लाउज शिवले. कापड दुसरीचं, माप दुसरीचं, गळाही तिनेच कुठेतरी पाहून ठेवलेला. साठीला त्यांनी मशीन झाकलं आणि शिवकुमार सरांच्या शनिवारच्या चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं. तैलरंग वाळायला दिवस लागतात, हे त्यांना फार आवडलं. कोणी घाई करत नव्हतं. डोंगर आणि झाडं महिनाभरात जमली. पाणी काही जमेना. काढलं की निळी सतरंजी अंथरल्यासारखं दिसायचं. पाच शनिवार त्या रंग खरवडून काढत राहिल्या. सहाव्या शनिवारी त्यांनी आधी गडद हिरवा लावला, झाडांची सावली कोरड्या ब्रशने खाली ओढली आणि वरून एकच फिकट रेघ आडवी मारली. डाव्या काठाखालचं वीतभर पाणी हललं. ब्रश हातात धरून त्या कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या.

सरांनी होडी नेमकी तिथेच बसवली होती.

"आम्ही साधा ब्लाउज उसवायचा तरी बाईला विचारायचो," अंबूबाईंचा आवाज चढला. "आणि तुम्ही? पाच शनिवार माझ्या मागे उभे राहून बघत होता ना? ते पाणी कसं आलं, ठाऊक नाही तुम्हाला?"

"अक्का, प्रदर्शन आहे. वर्गाचं नाव..."

"मग खाली तुमचंच नाव लावा! माझं कशाला?"

हॉलमधली कुजबुज थांबली. योगीराजने त्यांचा दंड धरला. "आई, सगळे बघतायत. घरी जाऊन बोलू."

"बघू देत."

त्यांनी हात सोडवून घेतला. कोपऱ्यातल्या टेबलावर टर्पेंटाइनची बाटली आणि फडकी होती. एक फडकं भिजवून त्या चित्रापाशी आल्या. परवाचा रंग अजून ओला होता. फडक्याचे दोन हात फिरले आणि जोडपं गेलं. तिसऱ्या हाताला होडी गेली. पण फडक्यावर होडीच्या नारिंगीबरोबर त्यांचा गडद हिरवाही उतरला. त्यांचा हात थांबला. पाणी होतं तिथे आता एक राखाडी डाग होता, आणि त्यातून कॅनव्हासचा धागा दिसत होता.

"बघा, घालवलंत ना," सर हळूच म्हणाले.

"हो, मीच घालवलं," अंबूबाई म्हणाल्या. "आता त्यात तुमचं काही उरलं नाही."

त्यांनी चित्र खिळ्यावरून काढलं. योगीराज कॅब बोलावतो म्हणाला, तर त्याच्याकडे न बघता त्या बसस्टॉपवर गेल्या.

बसमध्ये गर्दी होती. एक बाई उठली आणि खिडकीजवळची जागा रिकामी झाली. अंबूबाईंनी तिथे चित्र उभं ठेवलं. कंडक्टरने त्यांना बसा म्हणून खूण केली.

"रंग ओला आहे," त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं. एका हाताने दांडी आणि दुसऱ्याने कॅनव्हासची कड धरून, कोणाचा पदर लागू नये म्हणून मध्ये स्वतः आडव्या होत, त्या चामराजपेट येईपर्यंत उभ्या राहिल्या.