मावशीचा डावा हात

मावशीचा डावा हात रुग्णालयात मावशीपेक्षा जास्त प्रसिद्ध होता. मनोविकार विभागाचे प्रमुख गेली आठ वर्षं दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांसमोर तिला खुर्चीत बसवत, आवाज मधात घोळवून वीसपासून उलटे आकडे मोजत आणि तिच्या हाताच्या पाठीवर, करंगळीच्या बाजूला, सुई खुपसत. मावशी हूं की चूं करत नसे. नवरा गेल्यावर उडालेली तिची झोप याच डॉक्टरांच्या संमोहनाने परत आणली होती, हे खरं. त्या बदल्यात तिने त्यांना हात देऊन टाकला होता.

भाची त्याच रुग्णालयात तळमजल्यावर नसांची तपासणी करायची. नसेला विजेचा बारीक झटका द्यायचा आणि तो पुढे कितपत पोचतो ते मोजायचं. तिथले सहकारी प्रमुखांना ‘संमोहनसम्राट’ म्हणत. तिला तेही जास्तच वाटे. सम्राटाला निदान राज्याच्या सीमा तरी ठाऊक असतात.

परवा त्या हातावर किटलीच्या वाफेने भलामोठा फोड आला आणि मावशीला तो फुटून बाही ओली झाल्यावर कळला. भाचीने हात उलटसुलट करून पाहिला. करंगळी आत वळायला लागली होती. कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागत होती, कुष्ठरोगात लागते तशी. वेळेवर औषध मिळालं तर वाचेल, नाहीतर बोटं कायमची आकसतील.

“उद्या तपासायला चल.”

“डॉक्टरसाहेब म्हणाले, संमोहनाचा अंमल राहतो थोडा. तुझ्या मशीनला काय कळतंय मनातलं!”

“मनातलं नाही गं, कोपरातलं.”

“त्यांच्यापुढे अक्कल पाजळू नकोस. ते म्हणाले तरच येईन.”

म्हणून भाची दुसऱ्या दिवशी त्यांच्या व्याख्यानाला जाऊन बसली. विषय होता मनोविकारशास्त्रातला संमोहनाचा इतिहास. डॉक्टरांनी लोहचुंबकाने रोगी बरे करणाऱ्या वैद्यापासून सुरुवात केली. राजाने चौकशी समिती नेमली, समितीने रोग्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि मग दिसलं की चुंबकाची शक्ती न सोडताच, नुसत्या समजुतीने, रोग्यांना झटके येतायत.

“एवढी साधी उलटतपासणी त्या वैद्याला सुचली नाही!” डॉक्टर मनापासून हसले. पुढे संमोहनाला नाव देणारा शल्यवैद्य आला, गुंगीच्या औषधाआधीच्या काळातल्या शस्त्रक्रिया आल्या, इशारा होताच मूर्च्छा येणाऱ्या बायकांचे वॉर्ड आले. “आणि आता आमच्या बाई!”

मावशी खुर्चीत ऐटीत बसली. भाची उभी राहिली.

“सर, आकडे मोजायच्या आधी टोचून बघाल? डोळ्यांवर पट्टी बांधून. त्या समितीसारखं.”

“आधी टोचलं तर ओरडतील त्या.”

“आठ वर्षांत एकदा तरी बघितलंय?”

सगळे विद्यार्थी डॉक्टरांकडे बघायला लागले. नाइलाजाने त्यांनी मावशीच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि सुई खुपसली. मावशी म्हणाली, “सुरू कधी करताय, डॉक्टरसाहेब? पाठ अवघडली माझी.”

डॉक्टर क्षणभर सुईकडे पाहत राहिले. मग वळून म्हणाले, “पाहिलंत? सराव एवढा झालाय की आता आकड्यांचीही गरज उरली नाही!”

टाळ्या पडल्या. असल्या टाळ्यांवर माणूस आठ वर्षं जगू शकतो, हे भाचीला तेव्हा कळलं.

“आता उजव्या हाताला टोचा,” ती म्हणाली.

टाळ्यांच्या भरात त्यांनी दुसरी सुई टोचली.

“आई गं! मेल्या, डोळे फुटले का तुझे?” मावशी किंचाळली. तिने रुमाल ओढून काढला आणि डाव्या हातात ताठ उभी असलेली सुई तिला दिसली.

“ही कधीची?”

“मघापासूनची,” भाची म्हणाली.

“उजव्याला सराव नाही,” डॉक्टर विद्यार्थ्यांना समजावत होते.

मावशीने सुई उपसली, त्यांच्या टेबलावर ठेवली आणि उठली. “चल गं. दाखव तुझं मशीन.”

खाली पडद्यावर लाट उमटली, अगदी बुटकी, पण उमटली.

“नस आहे अजून. औषध आजच सुरू करू.”

“म्हणजे मी झोपतच नव्हते?”

“तुझी झोप खरी होती, मावशी. जागं व्हायचं होतं ते त्यांनी.”

वरच्या मजल्यावर पुन्हा टाळ्या पडल्या. मावशीने छताकडे पाहिलं.

“आता कोणाला टोचतोय?”