बेल कोण देणार?

एकतीस वर्षं एकाच रूटवर बस चालवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर घरी पाय पसरून बसावं, असा सगळ्यांचा अंदाज होता. ड्रायव्हरने मात्र जुनी मोटारसायकल घेतली, कागदपत्रं केली आणि दोन सरहद्दी ओलांडून डोंगरांपलीकडे लेकीकडे निघाला. त्याच्या बसवरच्या कंडक्टरने त्याला वेड्यात काढलं. "साधी बदली घेतली नाहीस कधी, आणि आता थेट परदेश?"

लेकीने अकरा वर्षांपूर्वी तिकडच्या मुलाशी लग्न केलं होतं. ड्रायव्हर लग्नाला गेला नव्हता. रजा मिळाली नाही, असं त्याने सांगितलं. खरं म्हणजे रागाच्या भरात त्याने अर्जच टाकला नव्हता. राग वर्षभरात निवला, पण तोवर लाज ठाण मांडून बसली होती. आता फोनवर त्याने "येतोय" म्हटलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बघू." लहानपणी तिने काहीही मागितलं की तो हेच म्हणायचा.

अडचण एकच होती, आणि ती ऐकून कोणालाही हसू येईल. बसमध्ये कंडक्टरची एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मागून टणटण झाल्याशिवाय ड्रायव्हरने उभ्या जन्मात गाडी हलवली नव्हती. निघण्याच्या दिवशीही स्वारी मोटारसायकल सुरू करून दारातच बसून राहिली. शेवटी समोर राहणाऱ्या कंडक्टरने दुखऱ्या गुडघ्यांनी गॅलरीत येऊन वाटीवर चमचा दोनदा आपटला. मग रोज सकाळी सातला फोनवर तेच.

"मी नसतो तर डेपोतच म्हातारा झाला असतास," कंडक्टर म्हणायचा.

रस्ता कसला, दगडगोट्यांची रास. दोन पंक्चर त्याने स्वतः काढली, साखळीला तेल घातलं, ओढ्यातून गाडी ढकलत नेली. पहिल्या सरहद्दीवर त्याचं सगळं सामान उपसलं, अगदी मोज्यांपर्यंत. दुसऱ्या सरहद्दीवरचा अधिकारी कंटाळलेला होता.

"कारण?"

"मुलगी."

"सोबत कोण?"

"कोणी नाही."

शिक्का बसला आणि तिथून पुढे फोनची रेंज गेली.

शेवटचा मुक्काम खिंडीच्या पायथ्याशी, दोन खोल्यांच्या लॉजवर. मालकीणबाईंनी रात्रीच सांगून ठेवलं होतं, "उद्या बारापर्यंतच खिंडीचं फाटक उघडं. एकदा बंद झालं की बर्फ वितळेपर्यंत पाच महिने कोणी जात नाही."

सकाळी सातला त्याने किक मारली. साडेसात झाले. बाई फडकं झटकायला बाहेर आल्या, तर हा तिथेच.

"काही विसरलात का?"

त्याने ओशाळून सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. आतून पातेलं आणि डाव घेऊन आल्या आणि एकदाच दणकन वाजवलं. ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी बंद.

"एक म्हणजे थांब, ताई."

"मग थांबा. पाच महिने भांडी घासा, मला माणूस हवंच आहे." त्यांना कामं पडली होती, त्या आत निघून गेल्या.

ड्रायव्हर खाली मान घालून बसला. त्या एका बेलने त्याला हायसं वाटलं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याला लेकीच्या दाराची भीती वाटत होती. तेव्हा रजा मिळाली नव्हती, आज बेल मिळाली नाही. सबब तेवढी बदलली होती.

त्याने पुन्हा किक मारली आणि कोणीही बेल न देता निघाला.

खिंडीत बोटं बधिर झाली. एका वळणावर घसरून पडला, कोपर सोलवटलं, गाडी उचलून पुढे गेला. फाटकावरचा पहारेकरी दांडा खाली घ्यायला उठलाच होता. त्याने घड्याळाकडे बघितलं, मग ड्रायव्हरकडे, आणि हातानेच पुढे पिटाळलं.

दुपारी तो लेकीच्या गल्लीत पोचला. तिसरं घर, निळं दार, दोरीवर वाळत घातलेले छोटे छोटे कपडे. छोटे कपडे कोणाचे, हे त्याला कोणी कळवलं नव्हतं, आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. गाडी सुरूच, दोन्ही पाय जमिनीवर. उतरायचं काही होईना. कोणी नुसतं "जा" म्हटलं असतं तरी तो मागे फिरला असता.

दार उघडलं. लेक बाहेर आली. कानाजवळचे केस पिकले होते. तिच्या एका हातात स्टीलचा पेला, दुसऱ्या हातात चमचा.

"कंडक्टरकाकांचे सकाळपासून चार फोन झाले," ती म्हणाली. "तुमचा फोन लागत नव्हता, म्हणून मला केले. म्हणाले, तो दारात येऊन उभा राहील, पण उतरणार नाही. पुढचं तुझं तू ठरव."

ती हसली नाही. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. तो तिच्या हातातल्या चमच्याकडे बघत होता.

तिने पेल्यावर चमचा मारला. टण्.

ड्रायव्हर दुसऱ्या बेलची वाट बघत राहिला. लेकीने चमचा पेल्यात टाकला. मग त्याने गाडी बंद केली.