गोधडीबाहेरचे चार फ्लास्क

१७ जानेवारी २००३, सकाळचे सव्वासात, बुरशी वाढवायचे काचेचे फ्लास्क बारा. त्यांपैकी आठ लाकडी खोक्यात, पेटत्या बल्बशेजारी, वरून गोधडी. उरलेले चार ओट्यावर उघडे.

पाच दिवस पुण्याला राहून परतलेल्या मोहिनीने तापमापक पाहिला. खोक्यात अठ्ठावीस अंश, ओट्यावर बारा. थंडीत वाढवलेली बुरशी अधिक पातळ तेल करते, हा तिच्या प्रबंधाचा दावा. ठरावीक थंडी राखणारे कपाट नादुरुस्त, म्हणून गंगापूर रोडवरच्या महाविद्यालयातली ही उत्तरेची खोली तिने निवडली होती. आता थंडी ओसरत होती आणि पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत मार्चमध्ये संपत होती.

"चांगुणाबाई, हे कोणी केलं?"

"मीच, म्याडम." पेठकडच्या चांगुणाबाई प्रयोगशाळेत शिपाई होत्या. "हिवानं आकसली होती बिचारी. विरजण तरी असं उघड्यावर ठेवतं का कोणी?"

"मला थंडीच हवी होती."

"मग सांगून जायचं ना."

"आणि हे चार बाहेर का?"

"खोक्यात मावले नाय. गरिबाघरी गोधडी सगळ्यांना पुरती का?"

मोहिनीला हसू आवरेना. मग ती थबकली. एकच बीज, एकच खोली, तेच दिवस. फरक फक्त उबेचा. इतकी नेटकी तुलना तिने स्वतःही आखली नव्हती. मात्र चार फ्लास्कांतली बुरशी फारच विरळ होती. तेवढ्यात तेल निघेल का?

निघाले, नळीच्या तळाला जेमतेम. दोन्ही तेले तिने बर्फात ठेवली. उबेतले तेल हिवाळ्यातल्या खोबरेलासारखे पांढुरके होऊन थिजले. थंडीतले मात्र नितळच राहिले. नळी कलती केली तशी धार वाहिली.

मोहिनीने नळी उजेडासमोर धरली. डोळे नाहीत, कातडी नाही, हुडहुडी सांगायला तोंड नाही. तरी या जिवाने गारठा ओळखला होता. पेशीभोवतीचा पडदा थिजला तर आतले व्यवहार थांबतात, म्हणून त्याने आपल्या स्निग्धांशाची घडणच बदलली होती.

"काय दिसतंय?" चांगुणाबाईंनी विचारले.

"या बुरशीने स्वतःची गोधडी स्वतःच विणली, बाई."

आठवड्याने पृथक्करणाचा अहवाल आला. तेल पातळ ठेवणारे गॅमा-लिनोलेनिक आम्ल उबेतल्या तेलात नऊ टक्के, थंडीतल्या तेलात अठरा टक्के.