शेवटच्या चार ओळी

निरीक्षक लिहीत नसत, त्यांना ‘येत’ असे. दर मंगळवारी आंघोळ करून ते टेबलाशी बसत आणि दुपारी बारापर्यंत जे काही वरून यायचं ते येऊन जाई. मग निळ्या शाईतली पानं पाकिटात घालून ते स्वतः वर्तमानपत्राच्या कचेरीत आणून देत. नोकरीभर त्यांनी दुकानदारांचे तराजू, दुधाची मापं आणि पेट्रोलचे पंप तपासले होते. निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात, आपल्याला लिहिण्याची आज्ञा झाली आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. सदराचं नावही त्यांनीच ठरवलं, ‘वरून आलेलं’. मानधनाचं पत्र गेलं तेव्हा ते त्यांनी तसंच परत पाठवलं. “देवानं दिलेलं मी विकू?” असं त्यांचं म्हणणं. संपादकांना हे तत्त्व इतकं पटलं, की त्यांनी ते आणखी दोन लेखकांना पटवून पाहिलं.

रविवारची पुरवणी ताई बघत. ताई उपसंपादक होत्या, पन्नाशीला टेकलेल्या, आणि देवाकडून कितीही येवो, त्यांच्याकडे जागा अडतीस ओळींचीच असे. त्यातही शुक्रवारी दुपारी जाहिरात विभागाला हटकून गाद्यांची जाहिरात मिळे आणि अडतीसच्या सव्वीस होत. वर्तमानपत्रात मजकूर खालून कापतात. बातमीचं त्यानं काही बिघडत नाही, महत्त्वाचं ते वर येऊन गेलेलं असतं. लेखाचा शेवट मात्र खाली असतो. तो गेला की वाचणारा पायरी चुकल्यासारखा धडपडतो. म्हणून कापून झाल्यावर ताई चार ओळींचा शेवट जोडून देत, शिंप्यानं पँट आखूड केल्यावर खाली दुमड घालावी तसा. पाच वाजता पान छपाईला सोडायचं असे. याला त्या लिहिणं म्हणत नसत. सात वर्षं त्या हे करत होत्या आणि निरीक्षकांनी कधी तक्रार केली नव्हती, याचंच त्यांना नवल वाटे.

घरी सासूबाई रविवारी तेवढ्या शेवटच्या ओळी कात्रीनं कापून फ्रिजच्या दारावर चिकटवत. “वाच जरा,” त्या म्हणत. “याला म्हणतात लिहिणं. नाहीतर तू. जन्म गेला दुसऱ्याचं कापण्यात.” ताई फ्रिज उघडून दूध काढत.

मग ताईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. त्या तीन आठवडे रजेवर गेल्या आणि पुरवणी खेळाचं पान बघणाऱ्याकडे आली. त्यानं लेख खालून कापले आणि तसेच सोडले. दुसऱ्या आठवड्यातला लेख “माझे मेहुणे दारात उभे होते आणि त्यांच्या हातात” इथे संपला. “संपला तुझा निरीक्षक,” सासूबाई अंथरुणाशी येऊन म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरोखरचं दुःख होतं.

ताई कामावर रुजू झाल्या त्या दिवशी निरीक्षक पाकिटाऐवजी जाड वही घेऊन आले. वहीत सात वर्षांची कात्रणं डकवलेली होती आणि प्रत्येकाच्या शेवटच्या ओळींखाली पट्टीनं लाल रेघ मारलेली होती.

“ताई, या ओळी माझ्या नाहीत,” ते म्हणाले.

शेजारी पान लावणारा ऑपरेटर स्क्रीनकडे बघत कान टवकारून बसला.

“मला माझं डोकं माहीत आहे. लिहिताना हात चालतो, काय उतरलं ते मला आठवत नाही. पण यातलं एकही वाक्य माझ्या डोक्यातून निघणं शक्य नाही. ही बघा, हिच्यावरच्या लेखातली.”

त्यांनी पान उलटलं. बायको गेल्यानंतरचा तो लेख होता. शेवटी छापलं होतं, ‘तिच्या चपला अजून दारात आहेत. कुणी विचारलं तर मी सांगतो, पाहुण्यांच्या आहेत.’

“चपला मी तेराव्या दिवशीच देऊन टाकल्या होत्या,” निरीक्षक म्हणाले. “हे वाचलं आणि दारात जाऊन उभा राहिलो. ठेवायला हव्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. त्याला आधीच ठाऊक होतं.” त्यांनी बोट छताकडे केलं. “आता तीन आठवडे तो गप्प आहे. मेहुण्यांच्या हातात काय होतं, तेवढंसुद्धा सांगितलं नाही. आज्ञा संपली, ताई. सदर बंद करतो.”

एरवी एखादं सदर बंद झालं की ताईंचा शुक्रवार हलका होई. आज त्यांना घाम फुटला. मंगळवारपासून बसमध्ये, भाजी निवडताना, दवाखान्याच्या बाकावर त्या कुठल्या चार ओळी मनात घोळवत असत, हे त्यांना आत्ता कळलं. हा माणूस उठून गेला की त्या ओळींना जागा उरणार नव्हती. ताईंना पगार मजकूर कापण्याचा होता. चार ओळी लिहा म्हणून त्यांना कोण सांगणार होतं?

“त्या मी लिहिल्यात,” ताई म्हणाल्या.

ऑपरेटरचा माउस थांबला.

“काय?”

“सगळ्या. लेख खालून कापावा लागतो, मग शेवट मी जोडते. अहो, तुम्ही चपला लिहिल्याच नव्हत्या! तुम्ही लिहिलं होतं, ती अत्यंत कर्तव्यदक्ष होती.”

“बरोबर,” निरीक्षक शांतपणे म्हणाले. “मी तेवढंच लिहू शकतो.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “आमच्या घरी कधी आला होतात?”

“नाही.”

“हिला पाहिलं होतं?”

“नाही.”

“मग चपला आल्या कुठून?”

खरं उत्तर असं होतं, की पाचला पंचवीस मिनिटं कमी होती आणि गाद्यांची जाहिरात अचानक वाढली होती. पण पुढे वही उघडी असताना ते तोंडातून निघेना.

निरीक्षकांचा चेहरा उजळत गेला. “म्हणजे तो गप्प झालेला नाही. तुमच्याबरोबर रजेवर होता!” ते उठले, वही काखेत मारली आणि जाता जाता आवाज खाली आणून म्हणाले, “आणि ताई, ‘मी लिहिल्यात’ असं बोलू नये. सुरुवातीला माझंही तसंच व्हायचं. जातो हळूहळू अहंकार.”

ते दिसेनासे झाल्यावर ऑपरेटर म्हणाला, “ताई, आता तुम्हाला नमस्कार करायचा का?”

“पान लाव,” ताई म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी पाकीट आलं. लेख नेमका बावीस ओळींचा होता आणि खाली पेन्सिलीनं, पट्टी लावून आखलेली रिकामी चौकट होती. कडेला निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘चार ओळींची जागा मोजून सोडली आहे. घाई नाही.’

शुक्रवारी ताई त्या चौकटीसमोर बसल्या. लेख निवृत्तीच्या दिवशी तराजूंवर मारायचा शिक्का खात्याकडे परत केल्याचा होता, बेताचाच, कर्तव्यदक्ष. यात चार ओळींचं काम होतं, आणि अशा चार ओळी ताईंनी सर्दी-तापातही टाकल्या होत्या. आज त्यांनी सहा वेळा लिहिलं आणि सहा वेळा खोडलं. इतकी वर्षं त्या ओळींची कुणी वाट बघत नव्हतं. आता पट्टीनं आखलेली चौकट वाट बघत होती, तिकडे सासूबाई कात्री घेऊन बसणार होत्या, आणि न जमलं तर एक माणूस देव गेला म्हणून घरी बसणार होता.

“ताई, वीस मिनिटं,” ऑपरेटर म्हणाला.

ताईंनी वर बघितलं. वर पंखा होता आणि ओलीचा एक डाग. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी नजर खाली आणली ती समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. आजवर त्यांना जे काही मिळालं होतं ते यानंच दिलं होतं, आणि तेही दरडावून.

“झालं का?” ऑपरेटरनं विचारलं.

“थांब,” ताई म्हणाल्या, “येतंय.”

ऑपरेटर खुर्ची फिरवून बघायला लागला. ताईंनी जीभ चावली. आणि पाचला अकरा मिनिटं कमी असताना ते आलं.