ब्रश पुसायची फळी

"काकू, तुमची मुलगी आत गेलीय का?" शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने विचारले.

"मुलगी नाही गं, मीच आहे. अकरावा नंबर," पेंटरची बायको म्हणाली.

मुलगी ओशाळली आणि हातातल्या कागदांत तोंड खुपसून बसली. तिचा तरी काय दोष? संग्रहालयशास्त्राच्या एम.ए.च्या मुलाखतीला आलेल्या सगळ्यांच्या दुप्पट हिचे वय. शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षे दाखले लिहिण्यात गेली आणि आता हे खूळ डोक्यात शिरले. दिराने तर तोंडावरच सांगितले होते, "वहिनी, या वयात लोक गुडघे दाखवायला जातात, मुलाखत द्यायला नाही."

हा अभ्यासक्रम का करायचाय, हे हमखास विचारतात म्हणून लेकीने उत्तर लिहून दिले होते. वारसा, जतन, समाज, भावी पिढ्या, एकापेक्षा एक भारदस्त शब्द. "आई, एवढंच बोल. बाबांचं काही काढू नकोस. लोक हळहळतात आणि प्रवेश दुसऱ्याला देतात." आईने ते घोकून घोकून पाठ केले होते. खरे कारण दोघींनाही ठाऊक होते, पण घरात त्याचा कुणी उच्चार करत नसे.

शहरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या तिच्या नवऱ्याच्या हातच्या. बायकोसकट सगळे त्याला पेंटरच म्हणत. कामाला निघाला की बगलेत एक फळी असायची. रंग बदलला की ब्रश तिच्यावर पुसायचा, अवघड अक्षराचे वळण आधी तिच्यावर काढून बघायचे. तीस वर्षांत त्या फळीवर बोटभर जाडीचा थर चढला होता. बायको वैतागायची, "टाका ना ते ध्यान कुठेतरी!" तो कडेचा एखादा पापुद्रा नखाने दाखवायचा. "अगं, हा निळा हॉस्पिटलच्या पाटीचा. मी शिडीवर होतो आणि नर्सने खिडकीतून ओरडून सांगितलं, मुलगी झाली म्हणून. हा टाकू?"

गेल्या वर्षी छातीचे दुखणे झाले आणि तीन दिवसांत पेंटर गेला.

दोन महिन्यांनी शहराच्या संग्रहालयातून एका बाईंचा फोन आला. हाताने लिहिलेल्या पाट्यांचे दालन करायचे होते, पेंटरचे सामान हवे होते. रविवारी येते म्हणाल्या. पेंटरचे सामान काचेच्या कपाटात! तिला आनंद कुठे ठेवू आणि कुठे नको असे झाले. चार लोक बघायला येणार, म्हणजे सामान कसे नीटनेटके हवे. शनिवारी सकाळीच तिने पदर खोचला. ब्रश रॉकेलमध्ये धुतले, डबे घासले. मग फळी घेतली. तिच्यावर कॉस्टिक सोडा ओतला आणि पुट्टीची पत्ती घेऊन खरवडत बसली. संध्याकाळपर्यंत खरवडत होती. तळहाताची सालटी निघाली, पण फळी अशी लख्ख झाली, की जणू कालच वखारीतून आणलेली. वरून व्हॉर्निशचा एक हातही मारला.

बाई आल्या. ब्रश पाहिले, डबे पाहिले. मग म्हणाल्या, "आणि ती फळी? एका फोटोत बघितली होती. दालनाच्या मधोमध तीच ठेवायचीय."

तिने मोठ्या दिमाखात फळी आणून त्यांच्या हातात दिली.

बाईंनी फळी उलटसुलट करून पाहिली. चांगल्या घरच्या होत्या, तिला दुखवायचे नव्हते त्यांना. "छान ठेवलीय," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू विचारले, "ते पापुद्रे... काही राहिलेत का?"

ती चप्पल न घालताच खाली धावली. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती.

पेंटर एकदा दुखण्याने गेला होता. दुसऱ्यांदा तिने त्याला स्वतःच्या हाताने खरवडून काढले. लेक म्हणाली, "जाऊ दे गं, तुला काय माहीत?" तेच तर तिला खात होते. तिला माहीत नव्हते.

"अकरा नंबर!"

आत तिघे बसले होते. मधल्या सरांनी तोच प्रश्न विचारला. तिने घोकलेले सुरू केले आणि भावी पिढ्यांपाशी येऊन अडकली. पुढचे काही केल्या आठवेना. मग तिने फळीचे सगळे सांगून टाकले, सोड्यासकट, व्हॉर्निशसकट.

"वाईट झालं," सर म्हणाले. "पण बाई, पश्चात्तापासाठी कुणी एम.ए. करत नाही. शिकून काय करणार?"

"सर, फोनवर मला एवढंच कुणी सांगायला हवं होतं, की काही धुऊ नका. माझ्यासारखी अजून एखादी घरी घासणी घेऊन बसलेली असेलच ना? तिने हात लावायच्या आधी मला तिच्याकडे पोचायचंय."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग सगळ्यांना करायला देत होते तेच तिलाही दिले. बाजूच्या टेबलावर पीठ मळायची एक जुनी लाकडी काथवट होती, कुठल्याशा बंद पडलेल्या बेकरीतली. कडांना पीठ सुकून दगडासारखे झालेले. शेजारी ब्रश, कापूस आणि कसल्याशा द्रावणाची बाटली.

"ही तुमच्या ताब्यात आली, तर आधी काय कराल?"

तिचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले.

"काही नाही. आधी नुसतं बघेन."

ती वाकली. कडेच्या पिठात कुणाची तरी चार बोटे उमटून तशीच वाळली होती. तिचे डोळे भरून आले, आणि काथवटीवर एक थेंबही पडू नये म्हणून ती चटकन दोन पावले मागे सरली.