बब्रुवानानं घाम बुजवला त्याची गोष्ट

निजामाच्या अमलात सोनारीला झालेली ही कुस्ती कुणाला खोटी वाटत असेल, तर त्यानं भैरवनाथाच्या माकडांना विचारावं. ती देवळाच्या शिखरावर बसून बघत होती.

सोनारीचा बब्रुवान दोन जत्रांत मुरुमच्या नागप्पाकडून चीत झाला होता. यंदा बायकोनं, तुळजाबाईनं बजावलं, "जत्रेचा मानाचा फेटा जिंकून आणा, न्हाय तर उद्यापासनं जातं तुमीच ओढायचं."

जात्याच्या धास्तीनं गडी हकीमसाहेबांकडं पळाला. "साहेब, घाम लई येतो. निम्मी ताकद तिथंच गळती."

हकीम हसले. "दिवाना है क्या? वरचं कातडं म्हणजे मेलेली साल, रोज झडती. खाली जितं कातडं. त्यात घामाच्या वेटोळ्या नळ्या, केसाच्या बुडाशी तेलाचे बारके घाणे. सगळ्यात खाली चरबीची गोधडी. अरे, माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतं. तू बी पाझरतोस म्हणून जिता हाईस."

बब्रुवानाच्या डोक्यात एवढंच शिरलं, की आपण गळका माठ! आणि गळका माठ बुजवायचा असतो. त्यानं पायलीभर बाभळीचा डिंक भिजवून मानेपासून टाचेपर्यंत थापला, उन्हात वाळवला. पाठ अशी चकाकली, की एक माकडीण तिच्यात बघून भांग पाडू लागली.

हलगी कडाडली. नागप्पानं मिठी घातली ती चिकटलीच.

"सोड की गा!" बब्रुवान ओरडला.

"म्या कुठं धरलंय? तूच सोड!"

लोक हसून लोळायला लागले. इकडं बब्रुवानाच्या अंगात भट्टी पेटली. कातडं तव्यासारखं तापलं, डोळे फिरले.

"पोळलो, पोळलो!" नागप्पा बोंबलला.

हकीम धावले. "कातड्याची भोकं बुजवलीस व्हय रे, गाढवा? पाणी ओता!"

घागरींवर घागरी रिकाम्या झाल्या. डिंक विरघळला आणि कोंडलेला घाम असा उसळला, की जणू शंभर मोटा एकदम सुटाव्यात. आखाड्याचा चिखल झाला. नागप्पाचा पाय सटकला, पाठ भुईला टेकली. पंच गुडघाभर घामात उभे राहून ओरडले, "चीत!"

घरी आल्यावर तुळजाबाईनं फेटा हातात घेतला. डिंकानं चिकट, घामानं चिंब. तिनं नाक मुरडलं, मग खुदकन हसली. "जात्यातनं सुटलात. पर ह्यो धुणार कोण?"

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर बायकांच्या रांगेत पैलवान फेटा आपटत बसला होता.

"जोर लावा की, पैलवान!" बायका खिदळल्या.

तोही हसला. कपाळावरनं घाम निथळत होता. त्यानं पुसला नाही.