राठ केसांचे फाटे

"फाटे फोडू नकोस!"

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दुकानाच्या काउंटरवर बसून काचेवर टाचा आपटत होते. बाबा एका गिऱ्हाइकाला समजावत होते की दाढीच्या ब्रशाला रानडुकराच्या केसासारखा प्रामाणिक केस नाही. मी मधेच विचारलं, "पण डुकराला विचारलं का?" गिऱ्हाईक पोट धरून हसलं आणि काही न घेताच निघून गेलं. बाबांनी कपाळाला हात लावला आणि ते तीन शब्द उच्चारले. मला वाटलं, फाटा म्हणजे फुगा असणार, नाहीतर नारळ. फुटतो म्हणजे आत काहीतरी असणारच.

पुढे ते तीन शब्द माझ्या नावासारखेच झाले. मी "पण" म्हटलं की पलीकडून ते येत.

आमचं दुकान ब्रशांचं. बाटल्या धुवायचे, बूट चमकवायचे, भिंती रंगवायचे, कोळ्यांची जाळी काढायचे, असे सगळे दाराशी टांगलेले. ती प्रजा. राजा आत, काचेखाली, मखमलीच्या तुकड्यावर. राजा म्हणजे रानडुकराच्या राठ केसांचा दाढीचा ब्रश. शेजारी नकली धाग्यांचे गुळगुळीत ब्रशही असत, पण बाबा त्यांना "जावई" म्हणत. दिसायला छान आणि कामाच्या वेळी अंग चोरणारे.

गल्ली बाबांना पाठीमागे फेसराव म्हणे. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त समोरच्या न्हाव्याची. तो स्वतः डब्यातून फुस्स करून निघणारा फेस वापरायचा आणि दुपारी आमच्याकडे येऊन त्याबद्दल शिव्या खायचा. दोघांची मैत्री त्यावरच टिकली होती.

ब्रश निवडायची बाबांची रीत स्थळ बघण्यासारखी. आधी केसांचा गुच्छ चिमटीत धरून हलकेच ओढायचा. एखाददुसरा केस सुटला तर चालेल, सुटतच राहिले तर नमस्कार. मग उजेडाकडे धरून शेंडे बघायचे. शेंडा निमुळता हवा, जनावराच्या अंगावर होता तसा. कात्रीनं सपाट केलेला असला तर बाबा म्हणत, "हा आधीच हजामत करून आलाय." मग तळव्यावर दाबायचा. वाकला पाहिजे आणि परत ताठ उभा राहिला पाहिजे. शेवटी ओला करून वास घ्यायचा. नवा ब्रश ओला झाला की गोठ्यासारखा वास मारतो. "जो मारत नाही," बाबा डोळे बारीक करत, "त्यानं काहीतरी लपवलंय." एवढं ऐकेपर्यंत निम्मी गिऱ्हाइकं डब्यातल्या फेसाकडे पळालेली असत. बाबा त्यांच्या पाठीकडे बघून म्हणत, "गेला तर गेला. त्याच्या गालाची लायकी नव्हती."

पण निवडणं सोपं. खरी गोष्ट पुढची. तिला बाबांचा शब्द होता माणसाळवणं.

रोज कोमट पाण्यात शेंडे बुडवायचे. उकळतं पाणी घेतलं तर मुळाशी केस चिकटवलेले असतात ते सुटतात आणि राजाला टक्कल पडतं. मग साबण घेऊन तळव्यावर फेस काढायचा, तो केसांत मुरू द्यायचा, धुवायचा, झटकायचा, डोकं खाली करून टांगायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुरुवातीला ब्रश सगळा फेस स्वतःच गिळतो, गालाला कवडी देत नाही. मग कधीतरी एका सकाळी शेंडे मधोमध चिरतात. एका केसाचे दोन होतात, दोनाचे तीन. या चिरण्याला बाबा कौतुकानं म्हणत, "फाटे फुटले." फाटे फुटले की तोच राठ केस मोरपिसासारखा गालावर फिरतो.

"मग मलाच का सारखं नको म्हणता?" मी विचारलं होतं.

"तू काय ब्रश आहेस?"

"पण बाबा..."

"झालं सुरू!"

आई आतल्या खोलीत काम करता करता ओळी जुळवायची. कुणी शिकवल्या नव्हत्या, तिच्या तिच्याच. हात चालू असले की ओठही चालू.

राठ केसाला गं पाणी, राठ जिभेला गं लोणी
माझ्या घरच्या राठाला मऊ करील गं कोणी

बाबांना वाटे, हे माझ्याबद्दल आहे. मला वाटे, बाबांबद्दल. आईला विचारलं तर म्हणायची, "ज्याला टोचेल त्याचं."

तर अशा घरात दाढीवाला आला.

तो बेकर. ओट्यावरचं पीठ झाडायला रुंद ब्रश हवा म्हणून दुकानात शिरला. छातीपर्यंत दाढी आणि दाढीत मैदा, त्यामुळे आधी तो म्हातारा वाटला, मग त्यानं दाढी झटकली आणि तरुण झाला. मी त्याला सांगितलं की पिठाचा ब्रश कधी धुवायचा नाही. तो म्हणाला, "खरंय." मग थोडा विचार करून म्हणाला, "पण..."

त्या "पण"वर माझा जीव जडला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या भाषेत बोललं होतं.

पुढं व्हायचं ते झालं आणि एके दिवशी तो बाबांसमोर उभा राहिला. दुसऱ्या शहरात त्याला नवी भट्टी मिळाली होती. महिनाभरानं जायचं होतं, आणि मला घेऊन जायचं होतं. मी न विचारताही जाऊ शकले असते. पण बाबांचा होकार न घेता गेले असते तर तिथल्या प्रत्येक पावात मला खडा लागला असता. हे दाढीवाल्यालाही ठाऊक होतं.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे दाढीकडे पाहिलं. ब्रशांच्या व्यापाऱ्याच्या दारात असं माणूस म्हणजे छत्रीवाल्याच्या घरी वाळवंट.

"दाढी ठेव, नाहीतर जमिनीपर्यंत वाढव," बाबा म्हणाले, "मला काय! पण माझी एक अट आहे. ब्रश निवड."

काचेवर बाबांनी ब्रश मांडले. दाढीवाल्यानं एकेक गालाला लावायचा प्रयत्न केला, गाल सापडेना. शेवटी त्यातल्या त्यात मऊ होता तो उचलला.

"चुकलास!" बाबा आनंदानं ओरडले. "दुकानातच जो मऊ लागतो तो घरी जाऊन टक्कल दाखवतो. हा घे." त्यांनी सगळ्यांत राठ ब्रश त्याच्या हातात कोंबला. त्यानं भांडी घासता आली असती. "महिनाभरात हा माणसाळवून आण. ज्याला डुकराच्या केसाशी धीर धरता येत नाही, तो माझ्या पोरीशी काय धरणार? हिचे केस राठ, बोलणं त्याहून राठ."

"अहो," आई दारातून म्हणाली, "पोरीला डुकराच्या पंगतीला बसवलंत?"

"मी गुणाबद्दल बोलतोय!"

"माझ्या वडिलांनी तुम्हाला काय विचारलं होतं आठवतंय? जेवलात का, एवढंच."

"म्हणून तर फसले ते," न्हावी म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

महिना गेला. तो कसा गेला ते मी सांगत नाही, टांगलेल्या ब्रशाला विचारा. मधे दोनदा दाढीवाल्याला विचारलं, जमतंय का? तो म्हणाला, "मऊ होतोय." ब्रश बघितला तर खरंच मऊ होत होता. वास येत होता पावाचा, पण त्याच्या किल्लीलाही पावाचा वास यायचा, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

परीक्षेच्या सकाळी बाबांनी दुकानाच्या दारावर अर्धी फळी लावली. पंच म्हणून न्हावी स्टुलावर बसला. आई टॉवेल घेऊन उभी. दाढीवाल्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेला ब्रश काढला.

बाबांनी तो घेतला. चिमटीत धरून ओढला. एकही केस आला नाही. तळव्यावर दाबला. पसरला आणि सावकाश उठून उभा राहिला. भिंग काढलं, ब्रश उजेडाकडे धरला आणि एकेक शेंडा तपासला. मग त्यांचा आवाज बदलला.

"अरे," ते न्हाव्याला म्हणाले, "इकडे बघ. प्रत्येक शेंड्याला फाटा. तीन-तीन! माझ्या स्वतःच्या ब्रशाला इतके फुटायला वर्ष गेलं होतं." त्यांनी ब्रश कोरडाच गालावर फिरवला आणि डोळे मिटले. "मोरपीस. मोरपीस रे!"

आई ओळ गुणगुणायला लागली.

"मग दाढी कर की," न्हावी म्हणाला. "कौतुकानं केस निघत नाहीत."

बाबांनी वाटीत कोमट पाणी घेतलं, साबणावर ब्रश फिरवला, गालावर फिरवला. फेस आला नाही. अजून साबण घेतला. अजून पाणी. हात भराभर फिरू लागला, कोपर दुखेपर्यंत. गालावर काहीतरी पातळ, पांढरट, ताकासारखं आलं आणि हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं. फेसरावांच्या तोंडाला फेस येत होता, पण साबणाचा नव्हे.

तेवढ्यात दुकानाची मांजर उठली. या मांजरीचा सगळा जन्म ब्रशांत गेला, पण एकाही ब्रशाकडे तिनं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. ती काउंटरवर चढली, वाटीशी नाक नेलं, आणि शांतपणे बाबांची हनुवटी चाटू लागली.

"दाढी राहू दे," न्हावी म्हणाला, "न्याहारी तरी झाली."

बाबांनी ब्रश नाकाला लावला. "हे काय आहे?"

"लोणी," दाढीवाला म्हणाला. "आणि दूध."

"लोणी!"

"काका, आधी रोज तळव्यावर फेस काढला. पण साबणाच्या हातानं पीठ मळता येईना, पावाला साबणाची चव लागायला लागली. मग म्हटलं, याला कामाला लावावं. भट्टीत जायच्या आधी प्रत्येक पावावर दूध-लोणी फिरवायचं, ते याच्यानं फिरवलं. रोज धुतला, रोज टांगला. उकळत्या पाण्यात एकदाही घातला नाही." तो थांबला. "तुम्ही माणसाळवून आण म्हणालात. फेस काढ म्हणाला नव्हतात."

"लोण्यानं फेस मरतो, एवढंही कळत नाही?"

"खरंय," दाढीवाला म्हणाला. "पण शेंड्यांना फाटे फुटले की नाही?"

न्हाव्यानं पंचाचा निकाल द्यायला तोंड उघडलं. बाबांनी त्याच्यापुढे ब्रश नाचवला. "तू गप. निकाल मी देणार. नापास! नवा ब्रश. नवा महिना."

"अहो, तो या आठवड्यात निघालाय," आई म्हणाली.

"मग जाऊ दे, तिकडून माणसाळवून आणू दे. आणि या खेपेला साबण माझाच हवा. तिथलं पाणी जड असलं तर तेही इथून न्यावं लागेल. आता थंडी आहे, थंडीत केस नीट वाळत नाहीत, तेव्हा उन्हाळ्यात सुरू केलेलं बरं. पण उन्हाळ्यात फार लवकर वाळतात, तेही वाईट. म्हणजे मधला काळ बघायला हवा. आणि भट्टीजवळ ब्रश टांगायचा नाही, उष्णतेनं मुळं सुटतात. म्हणजे याला आधी वेगळी खोली घ्यावी लागेल. खोलीला खिडकी..."

"बाबा," मी म्हणाले. "फाटे फोडू नका."

मी ओरडले नव्हते. पण दाराशी टांगलेले सगळे ब्रश हलायचे थांबले असं मला वाटलं. न्हावी स्टुलावरून उठला आणि परत बसला. मांजर तेवढी चाटत राहिली.

बाबांनी तिला खाली उतरवलं. आईनं टॉवेल पुढे केला. त्यांनी एक गाल पुसला, दुसरा पुसलाच नाही. ब्रश हातात फिरवत राहिले, त्याचे शेंडे अंगठ्यानं पुन्हा पुन्हा उलगडत, मिटवत.

"पास आहे हा," ते शेवटी ब्रशाला म्हणाले. "असा पास मी माझ्या हातानंही कधी केला नाही."

"मग?" मी म्हणाले.

"मग काय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तुझी आई टोमणे मारते आणि कामाला लागते. हा न्हावी शिव्या खातो आणि चहा पितो. गिऱ्हाईक तर काय, पाठच दाखवतं." त्यांच्या ओल्या गालावरून दुधाळ थेंब खाली आला. तो पुसायचं त्यांना सुचलं नाही. "मी काहीही बोललो तरी आता 'पण बाबा' कोण म्हणणार गं मला?"